उसाच्या सेनापतीच्या मुलखात : क्युबातले सात दिवस

दिवस पहिला : हवाना

कॅपितोलिओच्या, म्हणजे क्युबाच्या संसदेच्या इमारतीच्या, दगडी पायऱ्या चढताना मी मधेच थांबलो. १९४८ च्या जानेवारीत एका ऊसतोड्याची शवपेटी या इमारतीत आणली होती. आत 'हरवलेल्या पावलांचं दालन' असं नाव असलेलं लांबलचक सभागृह आहे. तिथं ती ठेवली आणि हवानातले कामगार रांगा लावून दर्शनाला आले. मेलेला माणूस छत्तीस वर्षांचा होता. नाव हेसूस मेनेंदेस लार्रोंदो. क्युबाच्या प्रतिनिधीगृहाचा निवडून आलेला सदस्य, म्हणजे आपल्याकडचा खासदार, आणि साखर कामगारांच्या देशव्यापी महासंघाचा सरचिटणीस. क्युबात आजही त्याला 'उसाचा सेनापती' म्हणतात.

मी बीड जिल्ह्यातला. माझ्या आईवडिलांनी बावीस हंगाम कोयता चालवला. दसरा झाला की गाडीत भांडीकुंडी टाकायची, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर कोप घालायची आणि उन्हाळा लागला की परत यायचं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामाच्या शेवटी फिटली की नाही, हे फक्त मुकादमाच्या वहीला ठाऊक. पाचवीत असताना मी वडिलांसाठी वेगळी वही घातली. रोज किती गाड्या भरल्या, पावतीवर किती टन आले, ते त्यात लिहायचो. ती वही मुकादमानं कधीच मान्य केली नाही. पुढं मी हिशेब तपासणीच्याच कामाला लागलो आणि पुण्यात स्थिरावलो. मेनेंदेसची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्याच्या मरणापेक्षा त्याच्या हिशेबानं धरून ठेवलं. ऊस तोडणारा माणूस अमेरिकेशी होणाऱ्या साखरेच्या करारात एक कलम घालून घेतो, आणि त्या कलमाचे पैसे फडातल्या माणसाच्या हातात पडतात. हे कसं जमलं, ते त्याच्या गावी जाऊन समजून घ्यायचं होतं.

बरोबर कॉलेजातला मित्र होता. तो स्पॅनिश शिकवतो, म्हणून हा प्रवास शक्य झाला. आम्ही मुद्दाम जानेवारी निवडला. ऊस तोडणीचा हंगाम, आणि २२ जानेवारी हा मेनेंदेसचा स्मृतिदिन.

कॅपितोलिओ १९२९ ची. आत शिरल्यावर प्रजासत्ताकाचा सोनेरी मुलामा दिलेला प्रचंड पुतळा समोर येतो आणि माणसाची मान आपोआप वर जाते. त्या पुतळ्यापुढं उभं राहिल्यावर कळतं, उसाच्या फडातून आलेल्या काळ्या माणसानं इथं बोलायला उभं राहणं म्हणजे काय असेल. क्युबात गुलामगिरी कायद्यानं संपली १८८६ साली. मेनेंदेसचा जन्म १९११ चा. मधे फक्त पंचवीस वर्षं.

संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या भागातली वीज गेली. घरमालकानं बाटलीत तेलाचा दिवा करून दिला. आम्ही गच्चीवर बसून उद्याच्या बसची चिंता करत राहिलो.

दिवस दुसरा : सांता क्लारा

हवाना ते सांता क्लारा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. परदेशी प्रवाशांसाठी वेगळी बस असते, ती मिळाली. इंधनाची टंचाई इतकी की मोठ्या महामार्गावर मोटारी कमी आणि घोडागाड्या जास्त दिसत होत्या. दोन्ही बाजूंना मराबू नावाचं काटेरी झुडूप माजलंय. आपल्याकडं वेड्या बाभळीनं गायरानं खाल्ली तसंच. मित्रानं शेजारच्या प्रवाशाला विचारलं, इथं पूर्वी काय होतं? तो म्हणाला, ऊस.

ही गोष्ट नीट सांगायला हवी. १९७० साली क्युबानं साधारण ८५ लाख टन साखर काढली होती. २००२ पासून सरकारनं जवळपास निम्मे कारखाने बंद केले. २०२३ च्या हंगामात साडेतीन लाख टनांच्या आसपासच साखर निघाली. आपल्या महाराष्ट्रात एका हंगामात एक कोटी टनांच्या घरात साखर होते, हे डोळ्यांपुढं ठेवून तो आकडा वाचला की पोटात कालवतं. जो देश साखरेवर जगला, त्याला आता बाहेरून साखर आणावी लागते.

सांता क्लारात आम्ही फक्त एक जागा बघायची ठरवली होती. २९ डिसेंबर १९५८ ला क्रांतिकारक चे गेव्हाराच्या माणसांनी रूळ उखडून हुकूमशहा बातिस्ताच्या सैन्याची चिलखती आगगाडी इथं पाडली. तिचे डबे तिथंच मांडून ठेवलेत. सगळे प्रवासी तिथं फोटो काढतात. मला वेगळंच आठवत होतं. त्या वेळी या शहराच्या लष्करी तळाचा प्रमुख होता कर्नल होआकिन कासियास लुम्पुय. अकरा वर्षांपूर्वी, कॅप्टन असताना, यानंच मेनेंदेसला मारलं होतं. एका खासदाराला गोळ्या घालणारा माणूस बढत्या घेत घेत इथवर आला होता. १ जानेवारी १९५९ ला शहर पडलं, तो पकडला गेला आणि मारला गेला.

त्या डब्यांपाशी मी फार वेळ थांबलो नाही.

दिवस तिसरा : एन्क्रुसिहादा

एन्क्रुसिहादा म्हणजे चौफुला. सांता क्लाराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवरचं छोटं गाव. मालट्रकला मागं बाकं ठोकून केलेल्या गाडीतून आम्ही गेलो. गाडीत कोंबड्या होत्या, एक शिलाई यंत्र होतं आणि शाळेतल्या दोन मास्तरणी होत्या. कुठल्या देशाचे, कशाला आलात, असं विचारणं सुरू झालं. मित्रानं मेनेंदेसचं नाव घेतल्याबरोबर त्यातल्या मोठ्या बाईनं हात छातीवर ठेवला. "आमचा हेसूस," एवढंच म्हणाली. आडनाव नाही, पद नाही.

गाव बसकं, एकमजली. घरांपुढं खांबांचे व्हरांडे आणि व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या. जवळच्या ला पाल्मा नावाच्या शेतवाडीत १४ डिसेंबर १९११ ला त्याचा जन्म झाला. घरची माणसं स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेली, पण पोट हातावर. शाळा लवकर सुटली. पोरानं ऊस तोडला, तंबाखूची पानं निवडायचं काम केलं, मग कारखान्यात लागला. तिथं गरगर फिरणाऱ्या यंत्रात साखरेच्या दाण्यापासून मळी वेगळी करायची असते, ते त्याचं काम. म्हणजे ऊस बुडख्यापासून पोत्यापर्यंत त्यानं स्वतःच्या हातानं बघितला होता. तिशीच्या दशकात तो कम्युनिस्ट पक्षात आला, तुरुंगात गेला, सुटला, परत संघटना बांधायला लागला. १९३९ मध्ये साखर कामगारांचा महासंघ उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत तो त्याचा पुढारी झाला. पुढं याच लास विय्यास प्रांतातून प्रतिनिधीगृहात गेला.

ट्रकमधल्या मास्तरणीनं आम्हाला एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी सोडलं. वय पंच्याऐंशी. आयुष्य कारखान्यात बॉयलरवर गेलेलं. त्यांनी आधी कॉफी दिली, मग पानात बांधलेला एक सुळका पुढं केला. पान सोडलं तर आत गूळ. रास्पादुरा म्हणतात तिकडं. मी तुकडा तोंडात टाकला. थोडा खारट, थोडा करपट, गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कडेला चिकटलेला असतो अगदी तसा. माझे डोळे भरून आले. त्यांना ते दिसलं, पण ते काही बोलले नाहीत. नुसता सुळका माझ्याकडं सरकवला.

मग त्यांनी मला 'दिफेरेन्सियाल' समजावून सांगितलं. दिफेरेन्सियाल म्हणजे फरक. हा शब्द त्या गावात आजही सणाच्या नावासारखा उच्चारतात.

महायुद्धाच्या काळात क्युबाची सगळी साखर अमेरिका ठरीव भावानं उचलायची. १९४२ ला तो भाव पौंडाला २.६५ सेंट होता. त्याच वेळी क्युबातला माणूस जे खायचा आणि ल्यायचा, तो तांदूळ, ती डुकराची चरबी, ते कापड, बरंचसं अमेरिकेतून यायचं. त्याचे भाव चढतच होते. म्हणजे विकायचं बांधलेल्या भावानं आणि घ्यायचं चढ्या भावानं. मेनेंदेसबरोबर हासिंतो तोरास नावाचा अर्थतज्ज्ञ होता. दोघांनी आकडे मांडले. युद्ध संपत आल्यावर पुढच्या हंगामांचा सौदा ठरवायला क्युबाचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं, त्यात कामगारांच्या बाजूनं मेनेंदेस होता. करारात कलम घालून घेतलं : अमेरिकेतला राहणीखर्च वाढला आणि खाण्याचे जिन्नस महागले, तर त्या प्रमाणात साखरेचा भावही वाढवून द्यायचा. १९४६ च्या मध्यावर अमेरिकेत भावनियंत्रण ढिलं झालं, महागाई उसळली आणि कलम कामाला लागलं. आधी ठरलेला भाव आणि नंतर वाढलेला भाव यांच्यातला फरक क्युबाला मिळाला. त्यातला वाटा मजुरीत घालून कामगाराला द्यायचा, हे त्यानं घरच्या कारखानदारांकडून आणि सरकारकडून वाजवून घेतलं.

मी लिहून घेत होतो. म्हातारबा थांबून थांबून बोलत होते, आकडा आला की माझ्या कागदाकडं बघत होते, बरोबर उतरवलाय का म्हणून.

"माझ्या बापानं त्या पैशाचा पलंग घेतला," ते म्हणाले. "लोखंडी. तोवर आम्ही जमिनीवर."

त्यांनी आम्हाला आत नेलं. पलंग अजून आहे. डोक्याकडच्या बाजूला लोखंडी वेल, त्यावर पांढरा रंग थरावर थर दिलेला, एका जागी टवका उडून खालचा काळा दिसतोय. मी पट्टीवर हात ठेवला. गार होती. आमच्या कोपीत पाचटावर गोधडी असायची आणि पहाटे दोनला गाडीवान हाक मारायचा. एका हंगामाच्या हिशेबातून आमच्या घरात एखादी वस्तू आली आणि राहिली, असं मला काही केल्या आठवेना. बैल आले आणि गेले. उचल मात्र राहिली.

क्युबातल्या मजुराच्या बोलण्यात आणखी एक शब्द आहे, 'तिएम्पो मुएर्तो', मेलेला काळ. ऊस तोडायचा तीन-चार महिने, बाकी वर्षभर काम नाही. दुकानातून उधारीवर तांदूळ-वाल आणायचे आणि हंगामात फेडायचे. आपल्याकडं हंगामाआधी उचल घेतात, तिकडं हंगामानंतर उधारी करायचे. दोरी तीच, गाठ दुसऱ्या टोकाला. दिफेरेन्सियाल मिळाला त्या वर्षांत मेलेल्या काळात चूल पेटती राहिली, असं म्हातारबा म्हणाले. मोठ्या भाषणांनी एखादा पुढारी लोकांच्या मनात बसत असेलही. हा माणूस बसला तो चुलीमुळं, असं मला त्या घरात बसून ठामपणे वाटलं.

निघताना मी विचारलं, त्याच्या मृत्यूची बातमी कशी कळली? तेव्हा ते आठेक वर्षांचे होते. गल्लीत एकाच घरात रेडिओ. लोक खिडकीबाहेर उभे होते. बाप घरी आला, कोयता भिंतीला टेकवला आणि त्याच पलंगावर पाठ करून निजला. दिवसाउजेडी बापाला निजलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

याच मुलखात आबेल सांतामारिया वाढला. १९५३ मध्ये मोंकादा या लष्करी छावणीवर झालेल्या हल्ल्यातला फिदेल कास्त्रोचा उजवा हात, पकडून हालहाल करून मारलेला. तोही एका साखर कारखान्याच्या वस्तीतला. पण त्या दिवशी माझ्या मनात दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

दिवस चौथा : बसमध्ये

सांता क्लाराहून बायामो. सांक्ती स्पिरितुस, सिएगो दे आविला, कामाग्वेय, लास तुनास, ओल्गिन, अशी बेटाची लांबी मोजत बस जाते. बस उशिरा आली, टायर बदलावं लागलं. रात्री कधीतरी डोळा लागला. बायामोत उतरलो तेव्हा पहाट होती आणि थांब्यावर टांगे उभे होते. टांगाच तिथली रोजची रिक्षा.

दिवस पाचवा : मान्सानियो, २२ जानेवारी

बायामोहून मान्सानियो साठ-पासष्ट किलोमीटर. वाटेत यारा लागतं. स्पॅनिशांविरुद्ध लढलेल्या आतुएय या आदिवासी नायकाला १५१२ मध्ये इथं जिवंत जाळलं, असं परंपरा सांगते. यारानंतर उसाचे फड दिसायला लागले आणि एका ठिकाणी आमचा ट्रक बैलगाडीमागं अडकला. मी वाकून बघितलं. जू बैलांच्या मानेवर नव्हतं, ते शिंगांमागं डोक्याला वादीनं करकचून बांधलेलं होतं. बैल कपाळानं ओढत होते. आपल्याकडं जू खांद्यावर येतं, ओझ्यानं खांदे सोलवटतात, मग त्यावर हळद-तेल लावतात. इथं मान हलवायलाही जागा नाही. गाडीत ऊस होता, आणि ऊस तोच. हिरव्या वाढ्यांचा वासही तोच.

मान्सानियो हे ग्वाकानायाबोच्या आखातावरचं बंदर. चर्मकार, विडीसारखे चिरूट वळणारे, कोळी, गोदीतले हमाल यांचं गाव. या गावानं कामगारांचे पुढारी पिकवले. कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झालेला ब्लास रोका इथलाच, १९०८ चा, जोडे शिवणारा. १९४० च्या निवडणुकीत या गावानं पाकितो रोसालेसला नगराध्यक्ष केलं. क्युबातला तो पहिला कम्युनिस्ट नगराध्यक्ष. बातिस्ताच्या राजवटीत १९५८ ला त्यालाही मारलं. गावात त्याचंही नाव तसंच घेतात, आडनाव गाळून. पाकितो.

आम्ही थेट स्टेशनवर गेलो.

१९४७ पर्यंत वारं फिरलं होतं. राष्ट्राध्यक्ष ग्राउ सान मार्तिन यांच्या सरकारनं कामगार संघटनांमधून कम्युनिस्टांना बाहेर काढायला सुरुवात केली, महासंघात सरकारी मर्जीतले लोक बसवले. अमेरिकेनं साखरेचा नवा कायदा केला. जुन्या कलमाचा आधार गेला. १९४८ चा हंगाम आला तेव्हा दिफेरेन्सियाल द्यायचा नाही, असा पवित्रा सरकारनं आणि कारखानदारांनी घेतला. मेनेंदेस हवानात बसून राहिला नाही. कारखान्या-कारखान्यावर हिंडून कामगारांना त्यांचा हिशेब सांगत तो या पूर्वेकडच्या ओरियेन्ते प्रांतात आला. २२ जानेवारीला मान्सानियोकडे येणाऱ्या आगगाडीत कॅप्टन कासियासनं त्याला गाठलं आणि अटक करतो म्हणाला. मेनेंदेसनं सांगितलं, मी लोकप्रतिनिधी आहे, मला अशी अटक करता येत नाही. कायद्यानं ते बरोबरच होतं. गाडी मान्सानियोला लागली. तो फलाटावर उतरला आणि पाठीमागून गोळ्या आल्या.

स्टेशन लहान आहे. गाडी त्या दिवशी नव्हती. रुळांमध्ये गवत वाढलेलं. फलाटावर तीसेक माणसं जमली होती, त्यात शाळेतली पोरं बरीच. पांढरे सदरे, गळ्यात लाल-निळे रुमाल. पुष्पचक्र ठेवलं, एका मुलीनं पाठ केलेलं भाषण म्हटलं, मधेच अडखळली, शिक्षिकेनं पुढचा शब्द पुरवला. दोन म्हातारे टोपी काढून कडेला उभे होते. सगळं वीस मिनिटांत आटपलं. पोरं निघाली तशी बडबड सुरू झाली.

मला त्यात काही कमी वाटलं नाही. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ एक गाव त्या फलाटावर दरवर्षी येतं. आमच्याकडं ऊसतोड कामगारांच्या दरासाठी लवाद बसतो, वाढीचा आकडा पेपरात येतो, पण आकडा फडात पोचेपर्यंत मुकादमाचं कमिशन, खाडे आणि जुनी उचल यांत विरून जातो. आकडा फडापर्यंत स्वतः घेऊन येणारा माणूस आमच्या लोकांनी किती वेळा पाहिला? मला हा प्रश्न त्या फलाटावर टोचत राहिला. मी खिशातून पाकीट काढलं. त्यात वडिलांची एक जुनी काट्याची पावती जपून ठेवलेली असते. कार्बनची निळी अक्षरं आता जवळजवळ पुसट झालीत. ती मित्राला दाखवली.

"ठेवतोस का इथं?" त्यानं विचारलं.

नाही ठेवली. एकच आहे ती. फुलं ठेवली.

दिवस सहावा : मान्सानियो

गाव पायी हिंडलो. मधोमध सेस्पेदेस बाग आहे आणि बागेत सहा कोनांची 'ग्लोरिएता', म्हणजे वाद्यवृंदासाठीचा मंडप. १९२४ चा, मूरी घडणीचा, निळ्या-लाल टाइलच्या कामानं भरलेला. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यावरून प्रेरणा घेतलेली. उसाच्या आणि तंबाखूच्या पैशानं श्रीमंत झालेल्या गावाची ती हौस. मला खरी ओढ लागली ती 'ऑर्गन'ची. हातानं दांडा फिरवून वाजवायचा पेटारा, आणि त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची लांब पट्टी सरकत जाते. भोकाप्रमाणं सूर. फ्रान्सहून आलेलं हे वाद्य बोर्बोया कुटुंबानं याच गावात घडवायला घेतलं आणि या मुलखाच्या नाचगाण्यात रुजवलं. एका माणसानं आम्हाला पुठ्ठा हातात दिला. गाणं पुठ्ठ्यावर भोकांच्या रूपात मांडलेलं, जसं हजेरीपटावर काम मांडलेलं असतं. शेजारी टिंबाल वाजवणारा आणि भोपळ्याचा गुइरो खरवडणारा बसला, आणि पाच मिनिटांत रस्त्यावरच्या बाया नाचायला लागल्या. काहीच कारण नव्हतं.

दुपारी तळलेली लिसेता खाल्ली. इथला छोटा मासा, काट्यासकट कुरकुरीत. संध्याकाळी मालेकोनवर, म्हणजे समुद्राच्या कठड्यावर बसलो. सूर्य आखातात बुडतो. मागं दक्षिणेला सिएर्रा माएस्त्राचे डोंगर.

दिवस सातवा : ला देमाहाग्वा

मान्सानियोच्या दक्षिणेला तेरा किलोमीटरवर समुद्रालगत एक छोटा साखर कारखाना होता, ला देमाहाग्वा. १० ऑक्टोबर १८६८ ला त्याचा मालक कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस यानं कारखान्याची घंटा वाजवून गुलामांना गोळा केलं, ते मोकळे आहेत असं सांगितलं आणि स्पेनविरुद्ध युद्ध पुकारलं. आठवड्यानंतर स्पॅनिश युद्धनौकेनं समुद्रातून तोफा डागून कारखाना उद्ध्वस्त केला.

राहिलंय काय? वाफेच्या यंत्राचं एक दातेरी चाक. त्यातून वडाच्या जातीचं झाड वर आलंय. जाग्वेय म्हणतात त्याला. त्याच्या मुळांनी लोखंड असं कवटाळलंय की आता दोन्ही वेगळी करता येणार नाहीत. मुळाच्या सालीत दाते रुतलेत. साल त्यावरून वाहून पुढं गेलीय, मेण वितळून थिजावं तशी. आम्ही दोघंही तिथं बराच वेळ गप्प उभे होतो. जी घंटा गुलामांना कामाला बोलवायची, तीच सुटकेसाठी वाजली. आणि ऐंशी वर्षांनी, इथून हाकेच्या अंतरावर, गुलामीतून आलेल्या वंशाचा एक माणूस मजुरीतल्या फरकासाठी मारला गेला.

मुक्कामावर परतलो तेव्हा योगायोगानं वीज होती आणि फोन लागत होता. मी आईला लावला. ती आता गावीच असते, गुडघे गेलेत.

"तिकडं बी ऊसच हाय का रं?" तिनं विचारलं.

म्हटलं, आहे. आता कमी आहे, पण आहे.

"मोळी कितीची बांधत्यात?"

म्हटलं, मोळी नाही बांधत गं. यंत्रानं तोडतात बराचसा. हातानं तोडला तरी डोक्यावर नेत नाहीत.

ती जरा थांबली. "मग बाया काय करत्यात?"

घरमालकीण समोरच बसून तांदूळ निवडत होती. साठीची बाई. सकाळीच तिनं सांगितलं होतं की कारखाना बंद पडेपर्यंत ती तिथं नोकरीला होती. मी आईला म्हटलं, ही बाई वजनकाट्यावर होती. उसाचं वजन हीच लिहायची.

"काट्यावर? बाई?"

"हो."

आमच्याकडं काटा हा शब्द साधा नाही. काट्यावर ऊस मारला जातो, टनाचे क्विंटल होतात, आणि ज्यानं तोडला त्याला काट्याच्या खोलीत पाय ठेवता येत नाही. आईनं बावीस हंगामांत ती खोली आतून पाहिली नव्हती.

"तिला इचार," आई म्हणाली, "तोडणाऱ्याला आकडा दाखवायची का?"

मित्रानं विचारलं. घरमालकिणीनं ताटातून हात काढला, एप्रनला पुसला आणि हवेत एक चौकोन काढून दाखवला. खिडकी होती तिथं, ती म्हणाली. एवढी. गाडी काट्यावर आली की मी आकडा मोठ्यानं वाचायची आणि कागद खिडकीतून बाहेर धरायची. त्यानं बघितल्याशिवाय शिक्का मारायची नाही.

मी ते आईला शब्दन् शब्द सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं फोन तुटला.

"एवढी खिडकी?" शेवटी ती म्हणाली. "केवढी म्हनलीस तू बाई, परत दाव म्हनावं."

घरमालकिणीनं परत हात वर केले.